सीडीच्या ट्रेमधला विडा

नोकरीच्या आठवणी लिहा, असं या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्यांना खरं तेच सांगितलं की माझ्या नोकरीत लिहिण्याजोगं काही नाही. बडोद्यात प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये मी ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेलं डब्याच्या एखाद्या भागाचं चित्र पारदर्शक कागदावर शाईनं जसंच्या तसं उतरवायचं, हे माझं काम. रेघ चुकली की ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची आणि पुन्हा मारायची. यात कोणाला काय गोडी वाटणार? पण त्या बाईंना नकार ऐकायची सवय नसावी. मग म्हटलं, मी आणखी एक नोकरी केली. तिला पगार नव्हता, रजा नव्हती आणि तिच्यावर मला कोणी नेमलंही नव्हतं. ओळखीपाळखीच्या लोकांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून द्यायचं. ती सांगते.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉम्प्युटर हा नुसता डबा असतो. बटण दाबल्यावर पडदा, कीबोर्ड, प्रिंटर या सगळ्या मंडळींना उठवून कामाला लावणारा एक कारभारी त्याच्या आत लागतो. बहुतेकांच्या घरी विंडोज नावाचा कारभारी असे आणि तो आपलं काम बरं करत असे. लिनक्स हा दुसरा कारभारी. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून तो लिहिला आणि मागेल त्याला फुकट द्यायचा असं ठरवलं. त्याची खूण म्हणजे एक गुबगुबीत पेंग्विन. आमच्या घरी या सगळ्या उद्योगाला ‘पेंग्विन’ एवढंच म्हणत, आणि फारसं प्रेमानं म्हणत नसत.

ऑफिसात कॉम्प्युटर आले, ट्रेसिंगची उतरती टेबलं भिंतीला लागली, आणि माझ्यासारख्या बायकांना माऊस धरायला शिकवलं गेलं. इतर जणी कुरकुरत होत्या. मला मात्र ते खूळ लागलं. स्टेशनजवळच्या स्टॉलवर कॉम्प्युटरचं एक मासिक मिळायचं, त्याच्या कव्हराला सीडी चिकटवलेली असायची. एकदा तीत लिनक्स निघालं. घरच्या मशीनवर ते घातलं आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावू लागल्या, तेव्हा आमच्या यांनी, म्हणजे अरविंदनी, चहाचा कप खाली ठेवून विचारलं, ‘‘मोडलास का?’’

मोडला नव्हता, पण मोडेम मुका झाला होता. तेव्हा फोनच्या तारेतून इंटरनेट येई आणि ते आणून देणारी वस्तू म्हणजे मोडेम. आमच्या मोडेमला विंडोजखेरीज कोणाचं बोलणं कळत नव्हतं. लिनक्सवर तो कसा चालवायचा याचं उत्तर इंटरनेटवर होतं आणि इंटरनेट त्या मोडेमच्या पलीकडे. किल्ली आत राहून दार लागावं तसा प्रकार. मग मी ऑफिस सुटल्यावर सायबर कॅफेत जायची, उत्तर फ्लॉपीत भरून घ्यायची, समा भागातल्या आमच्या घरी येऊन करून बघायची आणि दुसऱ्या दिवशी नवी शंका घेऊन पुन्हा कॅफेत हजर. कॅफेवाल्याची समजूत होती की मी परदेशातल्या जावयाशी चॅट करते. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती.

अरविंद केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज. त्यांना रविवारी घरात बसवत नसे. आजवा, पावागड, चांदोद, काही नाही तर कमाटीबागेत चक्कर आणि येताना सेव-उसळ. आमच्यात शेवटी तह झाला. एक रविवार फिरण्याचा, एक पेंग्विनचा, आणि फिरायला गेल्यावर मोडेमचं नाव काढायचं नाही. मी तह पाळला. पण पावागडच्या पायऱ्या चढताना तोंड बंद ठेवलं तरी डोकं बंद होत नाही. अर्ध्या वाटेत मी एकदम थांबले. अरविंदना वाटलं दम लागला. ‘‘बाहेरून जोडायचा मोडेम घ्यायला हवा,’’ मी म्हटलं. ते पुढच्या पायरीवर बसले आणि काकडी सोलायला लागले.

एकदा माझं बस्तान बसल्यावर मला धर्मप्रसाराची हौस आली. यात माझा विजय क्वचितच झाला. आमच्या सोसायटीतल्या हसमुखभाईंना मी तासभर सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मालतीबेन, आ मफत छे?’’

‘‘हा, बिलकुल मफत.’’

‘‘तो पछी एमां खोट शुं छे?’’

खोट काहीच नाही, असं मी जितक्या जोरानं सांगितलं तितका त्यांचा संशय वाढला. फुकट मिळणाऱ्या निर्दोष वस्तूवर बडोद्याच्या व्यापाऱ्यानं विश्वास ठेवावा, ही माझीच अपेक्षा चूक होती. त्यांनी माझ्याकडून नेलेल्या सीडीचा पुढे उपयोग मात्र केला. त्यांच्या गॅलरीत ती दोऱ्यानं टांगलेली होती, कबुतरं येऊ नयेत म्हणून. माझ्याही बिघडलेल्या सीड्या आमच्या गॅलरीत तशाच लोंबत असत, त्यामुळे मला रागवायला तोंड नव्हतं.

आता दसऱ्याची गोष्ट सांगते. एवढ्या वर्षांत मला पेंग्विननं काय दिलं असं कोणी विचारलं तर मी हीच सांगते.

माझं माहेर दांडिया बाजारातलं. आमच्या समोर बापूसाहेब शिर्के राहत. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. बापूसाहेबांनी स्वतः शाळेत ड्रिलमास्तरकी केली, तरी घरात अजून एक तलवार आणि बराचसा लष्करी आवाज शिल्लक होता. त्यांच्या पत्नी इंदूकाकू माझ्या आईची मैत्रीण. नवरात्रात सगळं बडोदं गरब्याला जाई, पण कोजागिरीच्या संध्याकाळी काकूंच्या अंगणात भोंडला ठरलेला. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी बंद डब्यातली खिरापत ओळखायची. त्याच रात्रीच्या शरद पूनमच्या गरब्याला निघालेल्या मुलीसुद्धा चणिया-चोळी घालून आधी काकूंकडे येत. फेराच्या मधोमध उभ्या राहून काकू गाणं सांगत तेव्हा शेजारच्या गल्लीतला लाऊडस्पीकरही फिका पडे, असा त्यांचा गळा होता.

त्या गळ्याचंच त्या वर्षी ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. डॉक्टरांनी आधी कल्पना दिलेली होती. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत नात केतकी पुण्याहून आली तेव्हा तिनं घरच्या कॉम्प्युटरला माईक लावून आजीची सगळी गाणी भरून ठेवली. दिवाळीत आले की सीडी करून देते, म्हणाली आणि कॉलेजला गेली. ऑपरेशननंतर काकू टाळीवर बोलायला शिकल्या. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. त्या दोन टाळ्यांत सुद्धा त्यांचा स्वभाव स्पष्ट ऐकू यायचा.

दसऱ्याला आम्ही नर्मदेकाठी चांदोदला जाणार होतो. सकाळीच अरविंद रांगेत उभं राहून फाफडा-जिलेबी घेऊन आले, डबे भरले, आणि फोन वाजला. बापूसाहेब होते. लष्करी आवाज कुठल्या कुठे गेला होता.

‘‘मालू, कॉम्प्युटर चालू होत नाही गं. नुसता काळा पडदा. दुकानातल्या छोकऱ्याला आणला तर तो म्हणतो, ‘काका, फॉर्मेट मारवुं पडशे.’ मारू दे का?’’

फॉर्मेट मारणे हा त्या काळी सगळ्या दुखण्यांवरचा एकच काढा होता. आतलं सगळं पुसायचं आणि कारभारी नव्यानं बसवायचा. मशीन चालू होतं, दुकानदार मोकळा होतो, आणि आत जे होतं ते गेलेलं असतं.

‘‘त्याला हात लावू देऊ नका, मी येते,’’ मी म्हटलं. ‘‘काकूंना कळलंय?’’

‘‘इथेच बसलीये. मी म्हटलं, गाणी नसली तर बायका आपल्या आपण म्हणतील. तर दोन टाळ्या. भोंडला बंद म्हणते.’’

मी अरविंदकडे बघितलं. त्यांनी भरलेल्या डब्यांकडे बघितलं. मग म्हणाले, ‘‘नर्मदा कुठे पळून जात नाही. चल, स्कूटर काढतो. जिलेबी तिकडेच खाऊ.’’ या माणसाला मी पेंग्विनपायी जो त्रास दिला तो सगळा त्यांनी त्या एका वाक्यात माफ केला असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

माझ्या पर्समध्ये तेव्हा एक खास सीडी असे. तिच्यात अख्खं लिनक्स होतं आणि ते मशीनच्या डिस्कला, म्हणजे आतलं सगळं जिथे साठवलेलं असतं तिला, हात न लावता सीडीवरूनच चालायचं. घरचा कारभारी आजारी पडला की हा बाहेरचा पाहुणा आत येऊन, कुठलीही वस्तू न हलवता, कोठारात काय शाबूत आहे ते बघून सांगतो. मी ऐटीत पर्समधून ती काढली, सीडीच्या ट्रेचं बटण दाबलं. ट्रे बाहेर येईना. आतून नुसतं कर्र कर्र.

अशा वेळेसाठी ट्रेखाली एक बारीक भोक असतं. काकूंच्या केसांतली पिन घेऊन मी सरळ केली, त्या भोकात खुपसली, आणि ट्रे हळूहळू पुढे आला. त्यात विडा होता. दुमडलेलं पान, वर अख्खी सुपारी, हळदकुंकू आणि चार अक्षता.

अरविंदनी अगदी सौम्यपणे विचारलं, ‘‘बापूसाहेब, हे काय?’’

‘‘काय म्हणजे? काल खंडेनवमी नव्हती का? तलवारीची केली तशी याचीही पूजा केली. हे पण शस्त्रच की आताचं. तलवारीपुढे विडा ठेवतो, मग याच्यापुढे नको? बटण दाबलं तर यानंच हात पुढे केला. ठेवला विडा. पुन्हा दाबलं, आत घेतला.’’

‘‘आणि मग बंद कसा केला?’’ मी विचारलं.

‘‘प्लग काढला. पूजेच्या दिवशी शस्त्राला काम देत नाहीत, मालू. तुझ्या वडिलांना विचार, असते तर सांगितलं असतं.’’

आजार कळला. मशीन चालू असताना, डिस्कवर लिहिणं चाललेलं असताना, बापूसाहेबांनी श्रद्धेनं प्लग उपटला होता. मला हसू येत होतं आणि काकूंकडे बघून ते आवरतही होतं. कारण काकू हसत नव्हत्या. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या.

मी ट्रे पुसला, सीडी घातली. चालेना. कुंकू आतल्या भिंगापर्यंत पोचलं होतं. मग एकच मार्ग उरला. डिस्क काढून समाला न्यायची आणि माझ्या मशीनला जोडायची. स्क्रू काढून मी ती हातात घेतली. दिसायला सुपारीच्या चपट्या डब्याएवढी. बापूसाहेबांनी ती गुंडाळायला घाईनं सोवळ्याचं रेशमी वस्त्र आणलं. रेशमाच्या घासण्यानं वीज तयार होते आणि ती डिस्कच्या पाठीवरच्या बारीक भागांना मारक असते, म्हणून मी सुती काहीतरी मागितलं. काकूंनी आपला धुतलेला पंचा आणून डिस्क स्वतःच त्यात गुंडाळली. मग डिस्क घ्यायला मी हात पुढे केला तर त्यांनी ती स्वतःच्याच मांडीवर ठेवली आणि दोन टाळ्या वाजवल्या.

तर त्या दसऱ्याला दांडिया बाजारातून समापर्यंत रिक्षात मी आणि काकू, काकूंच्या मांडीवर पंच्यात गुंडाळलेली डिस्क, आणि मागून स्कूटरवर अरविंद नि बापूसाहेब, अशी आमची मिरवणूक निघाली. रस्त्यात प्रत्येक गाडीला झेंडूचा हार होता. खड्डा आला की काकू डिस्क दोन्ही हातांनी वर उचलून धरत. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं आणि विचारलं, ‘‘बा, अंदर भगवान छे?’’ काकूंनी एक टाळी वाजवली.

घरी डिस्क जोडली. माझ्या लिनक्सनं ती ओळखली आणि गाण्यांची नावं पडद्यावर एकाखाली एक उभी राहिली. काकूंनी माझा खांदा इतका घट्ट धरला की मला कॉपी करताना माऊस धरवेना. एकेक गाणं माझ्या डिस्कवर उतरत होतं आणि बापूसाहेब प्रत्येकामागे ‘हां’ म्हणत होते, परेडमध्ये हजेरी घ्यावी तसे. शेवटच्या गाण्याला गाडी अडली. डिस्कमधून टक टक आवाज यायला लागला.

डिस्कवरच्या एका जागेला इजा झाली होती, ती वाचता येत नव्हती, आणि तिथे अडलं की कॉपी सगळी रद्द होई. मी म्हटलं, ‘‘काकू, बाकीची सगळी आलीत. हे एक राहिलं तर चालेल ना?’’

दोन टाळ्या. मग आणखी दोन.

ती फाइल इतरांपेक्षा बरीच मोठी होती. का, ते मला कळलं नाही आणि विचारण्याची सोय नव्हती. लिनक्समध्ये एक जुनी, रुक्ष आज्ञा आहे. तिला सांगता येतं की बाई, वाचता येईल तेवढं वाच, येणार नाही तिथे कोरं सोड आणि पुढे चल. आयुष्यभर चुकलेल्या रेघा खरवडून पुन्हा मारणाऱ्या मला कोरं सोडायचं म्हणजे जिवावर येत होतं. पण दुसरा उपाय नव्हता. आज्ञा दिली. टकटक चालू होती, थांबत होती, पुन्हा होत होती. अरविंदनी सगळ्यांना जिलेबी वाढली आणि कोणीही खाल्ली नाही. शेवटी टकटक थांबली आणि फाइल पुरी झाल्याचा निरोप पडद्यावर आला.

मी ती लावली. स्पीकरमधून काकूंचा आवाज आला, पहिल्याच शब्दाला भरदार, आमच्या लहानपणीचा. मला एकदम रडू आलं. पण काकूंनी पुढे होऊन स्पीकरचं बटणच बंद केलं आणि बोटानं गोल फिरवून दाखवलं. फेरात. बायकांत. आत्ता नाही.

कोजागिरीपर्यंत मी त्यांच्या कॉम्प्युटरला नवा सीडी ड्राइव्ह बसवला, नवी डिस्क बसवली, आणि विचारून सवरून लिनक्स घातलं. गाण्यांच्या दोन सीड्या केल्या, एक पुण्याला पाठवली. बापूसाहेबांना मशीन बंद करण्याची कवायत शिकवली. आधी इथे टिचकी, मग पडदा काळा, मग प्लग. त्यांनी ती तीन हुकुमांत बसवून पाठ केली.

कोजागिरीला अंगण भरलं. पाटावर हत्ती, ओट्यावर कॉम्प्युटर, त्याच्याजवळ खुर्चीत ताठ बसलेले बापूसाहेब. काकू फेराच्या मधोमध उभ्या, नेहमीच्या जागी. गाणी सुरू झाली आणि पहिल्या दोन ओळी कोणाचाच आवाज फुटला नाही. मग माझ्या आईच्या वयाची एक जण म्हणू लागली, मग सगळ्याच. शेवटच्या गाण्याच्या मध्यावर, मी जिथे कोरं सोडलं होतं तिथे, स्पीकर गप्प झाला. पण फेर थांबलाच नाही. बायकांनी ओळ पुढे नेली, आणि कडव्याच्या शेवटी काकूंचा आवाज येऊन पुन्हा त्यांच्यात मिसळला.

गाणं संपलं. बायका पदर सावरत सुटू लागल्या. तेवढ्यात स्पीकरमधून काकू बोलल्या.

‘‘कुठे चाललात? खिरापत कोण ओळखणार?’’

सगळ्या जागच्या जागी थांबल्या. फेराच्या मध्ये काकूंच्या हातात खरोखरचा बंद डबा होता. ती फाइल एवढी मोठी का होती ते तेव्हा मला कळलं. आवाज जाणार हे माहीत असलेल्या बाईनं उन्हाळ्यातच कोजागिरीची तयारी करून ठेवली होती आणि आम्हाला ओळखायला वेळ म्हणून मध्ये रिकामी जागाही सोडली होती.

‘‘करंज्या,’’ कोणीतरी म्हणालं. दोन टाळ्या. ‘‘लीलो चेवडो.’’ दोन टाळ्या. ‘‘मोहनथाळ. खाकरा. वड्या.’’ टाळ्यांवर टाळ्या. काकूंनी डबा हलवून दाखवला, आतून आवाजच येईना. मुली गरबा विसरून ओरडत होत्या.

‘‘हरलात ना?’’ स्पीकर म्हणाला. ‘‘कबूल करा.’’

‘‘हरलो,’’ आम्ही सगळ्या एका सुरात म्हटलं. मला माझ्या डोळ्यांतलं पाणी पुसायचंही सुचलं नाही.

काकूंनी एक टाळी वाजवून झाकण उघडलं. आत विडे होते, लवंगा टोचलेले, माणशी एक. सगळ्यांना वाटून झाल्यावर त्या शेवटचा विडा घेऊन ओट्यावर गेल्या. बापूसाहेबांपुढे उभं राहून त्यांनी कॉम्प्युटरच्या ट्रेकडे बोट दाखवलं आणि दोन टाळ्या वाजवल्या. मग बापूसाहेबांच्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि एक वाजवली.